तराजू दोन मोटारींचा, पासंग लालबागचा

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीच्या भारतातील पहिल्या दालनाचे उद्घाटन झाले. राज्याचे मुख्यमंत्री समारंभाला जातीने हजर होते. ‘मॉडेल वाय’ नावाची विजेवर धावणारी एसयूव्ही मोटार तेथे मांडण्यात आली. तिची किमान किंमत ५९ लाख ८९ हजार रुपये होती. तेव्हापासून शहरातल्या सुखवस्तू मंडळींना वादासाठी एक नवा विषय मिळाला. घ्यायची तर कोणती घ्यावी? २००३ साली जन्मलेल्या आणि आपली जुनी स्टार्टअपची ऐट अजून न सोडलेल्या टेस्लाची, की शंभर वर्षांची प्रतिष्ठा मिरवणाऱ्या मर्सिडीज-बेंझची? मर्सिडीजनेही सप्टेंबर २०२४ मध्ये आपली ‘ईक्यूएस’ ही विजेवरची एसयूव्ही येथे आणली होती आणि तिची किंमत १ कोटी ४१ लाखांच्या घरात होती. एकीच्या किमतीत दुसरीच्या दोन येऊन वर काही शिल्लक उरते. तरीही ग्राहकाच्या मनात त्या समोरासमोर उभ्या राहतात, कारण तेथे प्रश्न किमतीचा नसतो, प्रतिष्ठेचा असतो.

हा वाद त्यांचा त्यांनी घालावा, लालबाग-परळच्या माणसाने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावून आतल्या पदार्थांची प्रतवारी ठरवण्याचा हा प्रकार आहे, असेही कोणी हिणवील. परंतु या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या दोन्ही मोटारींच्या किमतीत लालबागच्या, गिरगावच्या, दादरच्या माणसाचा पैसा मिसळलेला आहे. तो त्याला न विचारता मिसळलेला आहे. पारड्यांचा समतोल साधावा म्हणून वाणी तराजूला जो खडा बांधतो त्याला पासंग म्हणतात. तो मालही नसतो आणि वजनही नसतो, पण त्याच्यावाचून सौदा जुळत नाही. या आलिशान सौद्यात कष्टकऱ्यांना पासंग करण्यात आले आहे, आणि म्हणूनच तराजू तपासण्याचा अधिकार त्यांचा आहे.

आधी ग्राहकाचे माप

प्रथम या दोन मोटारी त्यांच्या चाहत्यांच्या मापाने मोजून पाहू. न्यायाची रीत तीच आहे.

टेस्लाची मोटार तुलनेने हलकी आणि आटोपशीर. एकदा बॅटरी भरली की पाचशे किलोमीटर धावते, असा कंपनीचा दावा. आत बटणांचा पसारा नाही, सारा कारभार एका पडद्यावर. मर्सिडीजची मोटार पावणेतीन टनांहून जड, सात माणसांची बैठक, १२२ युनिट वीज साठवणारी बॅटरी आणि आठशे किलोमीटरचा दावा. एकीत नवेपणाची तडफ, दुसरीत जुन्या घराण्याचा डौल. ज्याला जे हवे ते त्याने निवडावे, एवढ्यावर तो हिशेब संपतो.

परंतु त्यातला एक आकडा जरा थांबून वाचण्यासारखा आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईला वीज पुरवते ती बेस्ट. तिच्या घरगुती दरपत्रकातला सर्वांत खालचा टप्पा महिन्याला १०० युनिटांचा असतो. चाळीतल्या एका खोलीचे कुटुंब दिवा, पंखा, दूरदर्शन आणि शीतकपाट सांभाळत महिनाभर या टप्प्याच्या आत राहण्याची धडपड करते. मर्सिडीजच्या त्या मोटारीची तहान एकदा भागवायला १२२ युनिट लागतात. म्हणजे एका कुटुंबाच्या महिन्याच्या काटकसरीपेक्षा मोटारीचा एक घोट मोठा! राज्यातल्या विजेचा मोठा हिस्सा आजही कोळशातून येतो. तो धूर पेडर रोडवर दिसत नाही, कारण तो कोळसा जाळणाऱ्या केंद्रांच्या शेजारी राहणाऱ्यांच्या छातीत जातो. धूर नाहीसा झालेला नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. आणि मोटार जितकी जड तितकी टायरांची झीज अधिक. ती भुकटी तर पदपथावरून चालणाऱ्याच्याच वाट्याला येते.

विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा शहराच्या हवेला कमी घातक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. समाजवादी विचार यंत्राचा शत्रू कधीच नव्हता. प्रश्न यंत्राचा नाही, यंत्र कोणासाठी चालते आणि त्याचे बिल कोण भरते, याचा आहे.

बिल कोण भरते?

१० मार्च २०२५ रोजी विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी एक छोटीशी पण रास्त सूचना केली होती. तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेवरच्या मोटारींवर सहा टक्के मोटार वाहन कर लावावा, अशी ती सूचना होती. तीस लाखांची मोटार घेणारा मनुष्य सहा टक्क्यांनी दरिद्री होत नाही, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पण त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत हा कर मागे घेत असल्याचे सांगितले. या करातून फारसे उत्पन्न येणार नाही आणि विजेवरच्या वाहनांबाबत सरकारच्या धोरणाविषयी चुकीचा संदेश जाईल, असे कारण देण्यात आले. तीन आठवडेसुद्धा न टिकलेला असा कर अलीकडच्या काळात क्वचितच पाहायला मिळाला असेल. गरिबाच्या डोक्यावर बसलेला कर पिढ्यान् पिढ्या उठत नाही. श्रीमंताच्या उंबऱ्यावर आलेला कर मात्र चप्पल काढण्याआधीच परत फिरतो.

या माफीचा अर्थ रुपयांत समजून घेतला पाहिजे. ५९ लाख ८९ हजारांच्या टेस्लावर सहा टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ५९ हजार. १ कोटी ४१ लाखांच्या मर्सिडीजवर ८ लाख ४६ हजार. आता दुसरीकडे पाहावे. परळच्या एखाद्या उपाहारगृहातून घरोघरी जेवण पोहोचवणारा तरुण हप्त्यांवर पेट्रोलची दुचाकी घेतो, तेव्हा त्याच राज्यात त्याला सुमारे अकरा टक्के मोटार वाहन कर द्यावा लागतो. त्याने विजेची दुचाकी घ्यावी, तिलाही माफी आहे, असे उत्तर तत्परतेने दिले जाईल. पण ती भरायची कोठे? विजेच्या वाहनाला आधी स्वतःची जागा लागते आणि त्या जागेत स्वतःच्या मीटरची तार लागते. ज्याला झोपायला पुरेशी जागा नाही, त्याने दुचाकी कोठे लावावी आणि तिसऱ्या मजल्यावरून तार कशी सोडावी? माफी कागदावर सर्वांना आहे. ती पदरात पडते मात्र वाहनतळाच्या मालकाच्या.

केंद्राची कथा निराळी नाही. विजेवरच्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्क्यांवर आणण्यात आला. त्यात दहा लाखांची मोटार आणि दीड कोटीची मोटार असा भेद ठेवला नाही. त्याच काळात सायकलीवर बारा टक्के कर होता. छत्रीवर बारा टक्के होता. स्टीलच्या भांड्यांवर बारा टक्के होता. हे दर खाली आले ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ या देशात पावसात भिजत सायकलीवरून कामाला जाणाऱ्याच्या सायकलीवर आणि छत्रीवर असलेला कर कोट्यधीशाच्या विजेच्या मोटारीवरील कराच्या दुपटीहून अधिक होता. सायकल तर पेट्रोलही पीत नाही आणि वीजही खात नाही. प्रदूषण न करण्याचे बक्षीस द्यायचे होते, तर पहिला मान तिचा होता.

१९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी सामान्य भारतीयाच्या तीन आण्यांसमोर पंतप्रधानांवर होणारा रोजचा पंचवीस हजारांचा खर्च उभा केला आणि सारे सभागृह हादरले. त्या हिशेबाचे बळ आकड्याच्या आकारात नव्हते. एका आकड्यासमोर दुसरा माणूस उभा करण्यात होते. तोच हिशेब येथे मांडून पाहावा. ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. रोज जाऊन-येऊन दोनदा साध्या बसचे किमान तिकीट काढणाऱ्याला, महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर वर्षाला ३ हजार १२० रुपये जास्त मोजावे लागतात. एका टेस्लाला दिलेली माफी म्हणजे अशा ११५ प्रवाशांवर लादलेली वर्षभराची भाडेवाढ. एका मर्सिडीजला दिलेली माफी म्हणजे अशा २७१ प्रवाशांची. मोटारीत बसणारा एक, पासंग मात्र २७१ माणसांचा!

नवा आणि जुना, दोघांची पत्रिका

टेस्लाचे चाहते तिला एका साहसी उद्योजकाच्या प्रतिभेचे फळ मानतात. वस्तुस्थिती अशी की २०१० साली ही कंपनी लहान होती, तेव्हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तिला ४६ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज दिले. ते तिने २०१३ मध्ये फेडले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु ज्या वेळी धोका होता त्या वेळी पैसा जनतेचा होता आणि ज्या वेळी नफा झाला त्या वेळी तो भागधारकांचा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कंपनीच्या भागधारकांनी आपल्या प्रमुखासाठी, सर्व उद्दिष्टे पुरी झाल्यास जवळपास एक लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकेल अशा मोबदल्याला संमती दिली. दुसरीकडे, स्वीडनमधल्या तिच्या दुरुस्ती केंद्रांतील यंत्रकामगारांनी सामुदायिक कराराची साधी मागणी केली, ती कंपनीने धुडकावली. २७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या ‘आयएफ मेटाल’ या संघटनेने संप पुकारला. गोदी कामगारांनी टेस्लाच्या मोटारी उतरवण्यास नकार दिला, टपाल कामगारांनी नंबरपट्ट्या पोहोचवण्यास नकार दिला, शेजारच्या डेन्मार्कमधील कामगार पाठीशी उभे राहिले. दोन वर्षे उलटूनही संप चालूच राहिला. गिरणगावाला १८ जानेवारी १९८२ ची आठवण असल्याने एवढा दीर्घ संप म्हणजे काय, हे येथे वेगळे सांगायला नको.

मग जुने घराणे अधिक सभ्य म्हणावे काय? जर्मनीत १९७६ च्या सहनिर्णय कायद्यामुळे मर्सिडीजच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्मे सदस्य कामगारांचे असतात. हा मोठेपणा कंपनीचा नाही, जर्मन कामगार चळवळीने लढून मिळवलेल्या कायद्याचा आहे. तो कायदा जेथे संपतो तेथे सभ्यताही संपते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ज्या कारखान्यात ही ईक्यूएस एसयूव्ही तयार होते, त्याच कारखान्याच्या परिसरात मे २०२४ मध्ये कामगारांनी संघटनेसाठी मतदान घेतले. ५६ टक्के मते विरोधात पडली आणि व्यवस्थापनाने दडपण आणल्याची तक्रार संघटनेने केली. पर्यावरणाच्या पावित्र्याविषयी बोलायचे तर याच घराण्याने डिझेल मोटारींच्या धुराच्या प्रकरणात २०२० साली अमेरिकी सरकारशी तडजोड करून सुमारे दीड अब्ज डॉलर मोजण्याचे कबूल केले होते.

थोडक्यात, नव्याच्या घरी संघटनेला दार बंद आणि जुन्याच्या घरी कायदा असेल तेवढेच उघडे. भांडवलाचा पोशाख बदलतो, स्वभाव बदलत नाही.

चाकणची जमेची बाजू

एका बाबतीत मात्र दोघांत खरा फरक आहे आणि तो नाकारणे लबाडीचे ठरेल. मर्सिडीजचा कारखाना महाराष्ट्रात आहे. १९९४ साली कंपनी येथे आली, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात आणि २००९ पासून चाकणला तिच्या मोटारी जोडल्या जातात. ईक्यूएस एसयूव्हीदेखील चाकणला जोडली जाऊ लागली. त्यामुळे काही मराठी हातांना काम मिळते. टेस्लाची मोटार मात्र शांघायच्या कारखान्यातून तयार होऊन जहाजाने येते. जून २०२५ मध्ये केंद्रीय अवजड उद्योगमंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी स्पष्टच सांगितले की टेस्लाला येथे कारखाना काढण्यात रस नाही, तिला दालने उघडायची आहेत. मुंबईत तिने उघडले ते दालन सुमारे चार हजार चौरस फुटांचे आहे. त्याचे भाडे महिन्याला ३५ लाखांच्या आसपास असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. नायगावच्या किंवा ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे पंचवीस कुटुंबांच्या जागेत हे मोटारप्रदर्शन!

तेव्हा कारखान्याचा निकष लावला तर पारडे मर्सिडीजकडे झुकते. पण किती? जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, हा धडा याच कंपनीच्या भारतातील जुन्या इतिहासाने दिला आहे. १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालमोटारी बनवण्यास सुरुवात केली. त्या मालमोटारींच्या कपाळावर तीन टोकांचा जर्मन तारा असे. मस्जिद बंदर आणि भायखळ्याच्या बाजारपेठांनी हजारो टन माल त्या ताऱ्याखाली उतरवून घेतला. त्या काळच्या धोरणात दोष पुष्कळ होते, पण सुटे भाग येथेच बनले पाहिजेत आणि विद्या येथेच मुरली पाहिजे, हा आग्रह पक्का होता. १९६९ मध्ये करार संपला तेव्हा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचे नाव आले. पंधरा वर्षांत शिकाऊ उमेदवार कारागीर झाला. १९९४ नंतर तीस वर्षे उलटली. या तीस वर्षांत आलिशान मोटारींच्या जोडणीतून असा कोणता कारागीर स्वतःच्या पायावर उभा राहिला? मालमोटारीच्या काळात राष्ट्राने कंपनीकडून विद्या मागितली. आता राष्ट्र कंपनीकडून फक्त दालनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण मागते.

विजेची गाडी या शहराला नवी नाही

या साऱ्या चर्चेत एक भास पद्धतशीरपणे निर्माण करण्यात आला आहे. विजेवर धावणारे वाहन हे जणू काही परदेशातून आताच अवतरलेले आश्चर्य आहे आणि त्याच्या स्वागतासाठी कर, टोल, सारे काही माफ करणे हे सुसंस्कृत शहराचे कर्तव्य आहे! हा भास मुंबईच्या इतिहासाचा अपमान करणारा आहे.

मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली ती ७ मे १९०७ रोजी. पुढे गिरगाव, लालबाग, परळ, दादर या वस्त्यांतला कारकून, गिरणी कामगार आणि विद्यार्थी त्याच विजेच्या गाडीत शेजारी शेजारी बसून गेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची आगगाडी सुटली. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी तारेवरची ट्रॉलीबस आली. परळ-लालबागच्या गिरण्यांना खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज तर १९१५ पासूनच मिळू लागली होती. म्हणजे विजेच्या वाहनाशी या शहराची ओळख मालकाच्या दिवाणखान्यातून झाली नाही. ती एका आण्याच्या तिकिटातून झाली. मग शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला जाऊन थांबली आणि ट्रॉलीबस १९७१ मध्ये बंद पडली. ट्राम गेली, कारण तिने रस्ता अडवला, असे सांगण्यात आले. तिने मोकळा केलेला रस्ता कोणी भरला, हे दादरच्या टिळक पुलावर सायंकाळी सहा वाजता उभे राहिल्यास कोणालाही दिसेल.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही मुंबईतली पहिली बस सुटली ती १५ जुलै १९२६ रोजी. बरोबर नव्व्याण्णव वर्षांनी, त्याच तारखेला, टेस्लाचे दालन उघडले. योगायोगच तो. पण राज्यकर्त्यांना या दोनांपैकी कोणती १५ जुलै आठवली, हा योगायोग नव्हे.

बेस्ट ही ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबईकरांच्या मालकीची झाली. एके काळी तिच्या विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघत असे. नंतर ती वाट बंद होत गेली. २०१९ मध्ये कामगार संघटनांशी करार करताना स्वतःच्या मालकीच्या ३ हजार ३३७ बसगाड्या राखण्याचे वचन देण्यात आले. २०२५ च्या मध्यापर्यंत स्वतःच्या गाड्या पाचशेच्याही खाली आल्या होत्या. बाकी रस्त्यावर दिसतात त्या कंत्राटदारांच्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्या विजेच्याच आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण त्यांच्या चालकांना अपुऱ्या वेतनासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये आठवडाभर काम बंद ठेवावे लागले, ही त्याच आनंदाची दुसरी बाजू. विजेची मोटार घेणाऱ्या खासगी ग्राहकासाठी सरकार संदेशाची काळजी करते. विजेची बस चालवणाऱ्या कामगाराला कोणता संदेश जातो, याची काळजी कोणी करायची?

रस्ता कोणासाठी?

२०२५ च्या राज्य विद्युत वाहन धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेवरच्या चारचाकींना टोलमाफी दिली. बसनाही दिली, आणि ती योग्यच. अटल सेतूवर एका फेरीला साध्या मोटारीला अडीचशे रुपये पडतात. कोट्यवधींच्या विजेच्या मोटारीला शून्य. हा सेतू सुरू होतो शिवडीला, म्हणजे लालबाग-परळच्या परसदारी. सेतूवरची वाहने वरळीच्या बाजूला नेण्यासाठी जो उंच जोडरस्ता बांधायचा, त्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना पूल बंद करण्यात आला. केईएम, टाटा आणि वाडिया रुग्णालयांकडे पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णाला वळसा पडला. याच एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली होती. पायी चालणाऱ्यांच्या पुलासाठी वर्षानुवर्षे मागणी करावी लागते. मोटारींच्या पुलासाठी मात्र योजना स्वतःहून चालत येते.

सागरी किनारा मार्गाचीही तीच गोष्ट. सुमारे चौदा हजार कोटींचा हा रस्ता मुंबई महापालिकेच्या, म्हणजे सर्व मुंबईकरांच्या तिजोरीतून झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव, तीनचाकीला मज्जाव. मोटारीला टोलसुद्धा नाही. जागेचे गणितही सोपे आहे. बारा मीटरच्या एका बसच्या लांबीत फार तर अडीच टेस्ला मावतात, मर्सिडीज त्याहून थोड्या कमी. बसमध्ये साठ माणसे आणि त्या अडीच मोटारींत बहुधा चार. मोटार विजेची झाली म्हणून ती रुंदीने कमी होत नाही. धुराशिवायची वाहतूक कोंडी हीदेखील कोंडीच असते.

सरकारने सार्वजनिक वाहतुकीसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली आणि गिरगावला स्थानक मिळाले. तिच्यासाठी गिरगाव-काळबादेवीच्या चाळींतल्या कुटुंबांनी घरे सोडली. त्या मेट्रोचे स्वागतच आहे. परंतु मेट्रोच्या स्थानकापासून घराच्या दारापर्यंत नेते ती बसच. त्या बसचे भाडे दुप्पट करायचे आणि मोटारीचा कर शून्य ठेवायचा, हे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे आहे. ५ सप्टेंबर २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दालनातून देशातली पहिली टेस्ला राज्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ताब्यात घेतली. विजेच्या वाहनांविषयी जनजागृती व्हावी, असा हेतू त्यांनी सांगितला. स्वतःच्या पैशाने मोटार घेण्याचा अधिकार मंत्र्यालाही आहे. पण त्याच वर्षी २५ जानेवारीपासून त्यांच्याच खात्याच्या एसटीचे भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले होते. परिवहनमंत्र्याने जागृती करायची, तर ती एसटीच्या थांब्यावर उभे राहून अधिक चांगली झाली असती.

मागणी काय?

तेव्हा टेस्ला की मर्सिडीज, या प्रश्नाचे उत्तर असे. कामगारांना स्थानिक रोजगार देण्यात मर्सिडीज थोडी पुढे, वीज आणि जागा कमी खाण्यात टेस्ला थोडी पुढे. सार्वजनिक पैशावर हक्क सांगण्यात मात्र दोघी सारख्याच पुढे, आणि त्या बाबतीत दोघींचाही हक्क सारखाच शून्य आहे. खरा तराजू मांडायचा तर या दोघींना एकाच पारड्यात बसवून दुसऱ्या पारड्यात विजेची बस ठेवली पाहिजे.

या तराजूतून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत आणि कार्यकर्त्यांनी त्या चाळीचाळींतून, नाक्यानाक्यांवर मांडल्या पाहिजेत. तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवरचा सहा टक्के कर पुन्हा लागू करावा आणि किंमत वाढेल तसा तो चढता असावा. त्यातून फारसे उत्पन्न येणार नाही, असे सरकार म्हणते. मग तो भरणाऱ्यांनाही तो फारसा जड जाणार नाही. जे काही येईल ते बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या विजेच्या बससाठी राखून ठेवावे. टोलमाफी प्रवासी बस, रुग्णवाहिका आणि लहान मालवाहू वाहने यांच्यापुरती ठेवावी. ३ हजार ३३७ गाड्यांचे वचन पाळावे. कंत्राटी चालकाला कायम चालकाइतके वेतन द्यावे. चाळींच्या आणि पुनर्वसन इमारतींच्या दारी दुचाकींसाठी सार्वजनिक विद्युतभरणाची सोय बेस्टने करावी, म्हणजे माफी कागदावरून रस्त्यावर उतरेल. सवलत तारेला नव्हे, आसनांना द्यावी. जे वाहन जितकी माणसे नेईल तितकी त्याची माफी मोठी.

यात क्रांतीची भाषा कोठेही नाही. एका अर्थमंत्र्याने स्वतःच मांडलेला आणि एका मुख्यमंत्र्याने स्वतःच मागे घेतलेला कर परत मागणे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य व्हायला तीन आठवडे पुरेसे आहेत. कर मागे घ्यायला तेवढेच लागले होते.